मॉडर्न सर्फिंगची मुळं आयर्लंडमध्ये? हा दावा कितपत खरा?

लाटवेडी :

नमस्कार मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. मध्यंतरी सर्फिंगवरची एक आयरिश डॉक्युमेंटरी बघितली. त्यात असं मांडलंय की आज आपण जे सर्फिंग बघतो, म्हणजे कॅलिफोर्नियाचे बीच, लाइफगार्ड, बोर्ड घेऊन पहाटे पाण्यात उतरणारी पोरं, हे सगळं ज्याने सुरू केलं तो जॉर्ज फ्रीथ, आणि तो बापाकडून आयरिश, म्हणून मॉडर्न सर्फिंगची मुळं आयर्लंडमध्ये. बघताना अंगावर काटा आला खरं सांगते, कारण आयर्लंड म्हटलं की पाऊस, हिरवी कुरणं आणि मेंढ्या एवढंच डोळ्यासमोर येतं, सर्फिंग मनातसुद्धा येत नाही. पण नंतर शांतपणे विचार केला तर पटेना. सर्फिंग हवाईचं ना? मग एका माणसाचा बाप कुठला यावरून अख्ख्या खेळाची मुळं तिकडे कशी काय नेऊन लावायची?

तर ज्यांचं यावर वाचन आहे किंवा जे तिकडे राहतात त्यांनी जरा सविस्तर लिहा. फ्रीथने नक्की काय केलं? आणि आयर्लंडमध्ये सर्फिंग खरंच एवढं मोठं आहे का, की चार भारी शॉट घेऊन मोठं करून दाखवलंय?

जुनी_वही :

मुळं हवाईतच. यावर वाद घालण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

फ्रीथ १८८३ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर जन्मला, आईकडून त्याच्यात हवाईयन रक्त होतं, आणि सर्फिंग तो शिकला ते वायकीकीच्या पाण्यात. बापाच्या बाजूचे लोक कुठले का असेनात, लाटेवर उभं राहायला त्याला त्यांनी शिकवलं नव्हतं, ते शिकवलं त्या किनाऱ्याने आणि तिथल्या माणसांनी. कॅप्टन कुकच्या शेवटच्या सफरीत त्याच्यासोबत जेम्स किंग नावाचा लेफ्टनंट होता, त्याने १७७९ मध्येच लिहून ठेवलंय की तिथले लोक फळीवर पालथे पडून फेसाळत्या लाटेबरोबर किनाऱ्याकडे कसे झेपावतात. आणि हे तेव्हाही नवीन नव्हतं, राजे, सरदार, बायका, पोरं सगळे खेळायचे, कित्येक पिढ्यांपासून.

मला खरा राग येतो तो दुसऱ्या एका गोष्टीचा. ही फ्रीथची कथा सांगताना हमखास एक वाक्य येतं, की सर्फिंग मेलं होतं आणि याने ते जिवंत केलं. मेलं नव्हतं! कमी झालं होतं, आणि का कमी झालं ते कोणी धड सांगत नाही. बाहेरून आलेल्या रोगांनी माणसं मेली हो. १८९० च्या शिरगणतीत मूळ हवाईयन, मिश्र रक्ताचे धरूनही, चाळीस हजारांच्या आसपास उरले होते, कुकच्या वेळी ते लाखांत होते. त्यात मिशनऱ्यांची नापसंती, मग १८९३ मध्ये राणीचं राज्य उलथवलं, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटंच ताब्यात घेतली. एवढं सगळं होऊनही वायकीकीला माणसं लाटांवर जात होती, म्हणून तर फ्रीथला शिकायला मिळालं.

आणि कॅलिफोर्नियात पहिला सर्फर फ्रीथ हेही चूक. १८८५ च्या जुलैमध्ये हवाईच्या राजघराण्यातली तीन भावंडं, डेव्हिड कवानानाकोआ, एडवर्ड केलिइआहोनुई आणि जोना कुहिओ, सॅन मटेओला शाळेत होती, त्यांनी सांताक्रूझला तिथल्याच रेडवूडचे बोर्ड कापून घेतले आणि सॅन लोरेंझो नदीच्या मुखाशी सर्फ केलं. फ्रीथ तेव्हा दीड वर्षाचा. यातल्याच दोघांनी पुढे १८९० मध्ये इंग्लंडला ब्रिडलिंग्टनला, नॉर्थ सीच्या त्या गारेगार पाण्यात बोर्ड घातले. म्हणजे युरोपच्या त्या बाजूलाही सर्फिंग नेलं ते हवाईच्या राजपुत्रांनी, तेही फ्रीथ सात वर्षांचाही झाला नसताना.

पुढे जगभर पोचवलं हवाईच्याच ड्यूक कहानामोकू या जलतरणपटूने. १९१२ मध्ये स्टॉकहोमला १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकला, आणि मग ऑस्ट्रेलियात सिडनीच्या फ्रेशवॉटर बीचवर १९१४-१५ च्या उन्हाळ्यात लोकांना करून दाखवलं. त्याचं नाव मागे आणि फ्रीथचं पुढे हे मला तरी पटत नाही.

दीपस्तंभ :

जुनी वही, मुळांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण या भांडणात फ्रीथ बिचारा भरडला जातो, त्याच्याबद्दल थोडं लिहू द्या, कारण हा माणूस मला मनापासून मोठा वाटतो आणि त्याचं मोठेपण सर्फिंगपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत आहे.

१९०७ मध्ये जॅक लंडन हा लेखक बोटीने हवाईला पोचला. अलेक्झांडर ह्यूम फोर्ड नावाच्या गृहस्थाने त्याला पाण्यात नेलं, तिथे फ्रीथ भेटला, फ्रीथने त्याला लाटेतून कसं आत जायचं ते सांगितलं. लंडन त्या एका दिवसात उन्हाने इतका भाजला की अंथरुणाला खिळला, पण त्याने लेख लिहिला, त्याच वर्षी एका मोठ्या अमेरिकन मासिकात छापून आला आणि सर्फिंग हा प्रकार अमेरिकेतल्या घराघरात कळला. त्याच उन्हाळ्यात फ्रीथ कॅलिफोर्नियाला गेला. तिकडे हेन्री हंटिंग्टनची इलेक्ट्रिक रेल्वे होती आणि रेडोंडो बीचला त्याच्या जमिनी होत्या, गिऱ्हाईक तिकडे यायला पाहिजे होतं, म्हणून 'पाण्यावर चालणारा माणूस' अशी जाहिरात करून फ्रीथचे खेळ लावले. लोक ट्राममधून उतरायचे, किनाऱ्यावर उभे राहायचे आणि हा लाटेवर उभा राहून यायचा. आज बीच कल्चर म्हणतात त्याची सुरुवात तिथे जमिनीच्या धंद्यातून झालीय हे विसरून चालणार नाही.

पण आता पुढचं बघा. १६ डिसेंबर १९०८, व्हेनिस बीच, सांता मोनिकाच्या उपसागरात वादळ. जपानी कोळ्यांच्या होड्या किनाऱ्याकडे परतताना सापडल्या, धक्क्यावर आदळून चुरा होणार अशी वेळ. फ्रीथने धक्क्यावरून उडी मारली. डिसेंबरचं पाणी, अंगात साधा पोहण्याचा पोशाख. बाहेर आला, अंग गरम केलं, परत उडी, असं दोनेक तास चाललं होतं. होड्यांमध्ये एकूण अकरा माणसं, त्यातली सात त्याने स्वतः वाचवली. एका होडीत तर तो चढला आणि सर्फबोर्ड लाटेवर आणतात तशी ती होडी लाट धरून धक्क्याच्या बाजूने किनाऱ्याला लावली. मला तर हाच सर्फिंगचा सगळ्यात मोठा क्षण वाटतो, बोर्ड नव्हता तरी. त्याबद्दल त्याला १९१० मध्ये अमेरिकन सरकारचं जीव वाचवल्याबद्दलचं सुवर्णपदक मिळालं.

आणि एवढं करून बदल्यात काय मिळालं? पगार घेऊन लाइफगार्डचं काम करतो म्हणून तो प्रोफेशनल धरला गेला आणि ऑलिंपिकचा रस्ता बंद. दुसऱ्यांना पोहायला शिकवत राहिला. मे १९१८ मध्ये सॅन डिएगोच्या ओशन बीचला एकाच दिवशी तेरा माणसं बुडाली, त्यानंतर तिथे फ्रीथला नेमलं. वर्षभरात, ७ एप्रिल १९१९ ला, फ्लूच्या साथीत गेला. वय ३५. ज्याला समुद्र काही करू शकला नाही तो तापाने गेला, हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

तर तो अर्धा आयरिश होता की पाव, या हिशोबाला माझ्या लेखी काडीची किंमत नाही. पोहता येणारा एक माणूस किनाऱ्यावर कायम हजर पाहिजे, पगारी पाहिजे, ट्रेनिंग घेतलेला पाहिजे, हे त्याने कॅलिफोर्नियाला शिकवलं. हे त्याचं काम.

अटलांटिककाठ :

मी बरीच वर्षं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याला स्लायगोमध्ये राहतोय म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. हो, खरंच मोठं आहे, आणि त्याचा फ्रीथशी तसा काही संबंध नाही. इथल्या सर्फरना त्याचं नाव माहीत झालं ते हल्लीच.

इथे आधीच्या पिढ्यांचं समुद्राशी नातं भीतीचं होतं. पश्चिमेच्या बेटांवरचे जुने कोळी आयुष्यभर होडीत घालवायचे पण पोहायला शिकायचे नाहीत. गंमत म्हणून लाटांत उतरायचं हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. १९४९ मध्ये जो रॉडी नावाच्या एका मुलाने, दीपगृहावरच्या कर्मचाऱ्याचा मुलगा, स्वतःच बोर्ड बनवून पाण्यात घातला होता, पण ते तेवढ्यावरच राहिलं. खरं सुरू झालं साठच्या दशकात. केविन केव्ही, पूर्व किनाऱ्यावरच्या ब्रेचा, त्याने मासिकात सर्फिंगवरचा लेख वाचला आणि झपाटला. विचार करा, ब्रे आयरिश सीवर आहे, तिथे धड लाटा नसतात, आणि हा गडी गाडीवर बोर्ड टाकून अख्खा देश ओलांडून अटलांटिकला जायचा. १९६६ मध्ये सॅन डिएगोला वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली तिथे आयर्लंडतर्फे तो उतरला. पुढच्या वर्षी ट्रामोरला पहिली राष्ट्रीय स्पर्धा, आणि १९७२ मध्ये लाहिंचला युरोपियन चॅम्पियनशिप. पाचसहा वर्षांत कुठून कुठे गेले बघा.

दुसरा धागा डोनेगलचा. रॉसनॉलाला ब्रिटन कुटुंबाचं हॉटेल होतं, त्या घरातल्या आजी, मेरी ब्रिटन, कॅलिफोर्नियाहून दोन बोर्ड घेऊन आल्या, हॉटेलात येणाऱ्या पाहुण्यांसाठी म्हणून. पाहुण्यांचं राहिलं बाजूला, घरच्या पोरांनी बोर्ड ताब्यात घेतले. त्यांची नात ईस्की ब्रिटन, तिचं नावच जवळच्या ईस्कीच्या लाटेवरून ठेवलंय. राष्ट्रीय चॅम्पियन झाली, मोठ्या लाटा घेणाऱ्यांत तिचं नाव झालं, समुद्र आणि समाज या विषयात डॉक्टरेट केली, आणि २०१० मध्ये इराणला चाबहारला जाऊन अंगभर कपड्यांत, डोकं झाकून सर्फ केलं, नंतर परत जाऊन तिथल्या मुलींना शिकवलं. तुम्हाला आयरिश मुळं शोधायचीच असतील तर इथे शोधा, इथून दुसरीकडे काहीतरी गेलंय.

आता लाटांबद्दल. उत्तर अटलांटिकमध्ये हिवाळाभर एकामागून एक कमी दाबाचे पट्टे येत असतात. वादळ हजारो किलोमीटर लांब असतं, तिथल्या वेड्यावाकड्या लाटा प्रवासात सुट्या होत होत येतात आणि किनाऱ्याला लागतात तेव्हा नीट रांगेत, दोन लाटांमध्ये भरपूर अंतर, आत प्रचंड ताकद. बुंडोरनला सपाट खडकाचे थर पाण्याखाली पसरलेत, त्यावर 'द पीक' नावाची लाट फुटते, मधून दोन्हीकडे उघडते, डावीकडची लांब जाते. ओहोटीला तिथे उभं राहून बघा, काळा शेवाळलेला खडक अगदी उघडा दिसतो, आणि दोनतीन तासांनी त्याच्यावरच माणसं लाट धरत असतात. क्लेअरमध्ये मोहरच्या कड्यांखाली एलीन्स, वर २०० मीटरचा उभा कडा आणि खाली लाट.

स्लायगोतल्याच मुलामोरचं तर काय सांगू. भूशिराच्या अगदी जवळपर्यंत खोल पाणी आणि मग एकदम खडक, त्यामुळे लाटेला हळूहळू चढायला जागाच मिळत नाही, ती जागच्या जागी उभी राहते. मोठा स्वेल, म्हणजे लांबच्या वादळाच्या लाटांची ती रांग, आली की सगळा गाव आणि आसपासचे लोक रस्त्याच्या कडेला गाड्या लावून बघत असतात. मागे बेनबुल्बेनचा डोंगर, बाजूला क्लासीबॉनचा किल्ला, काचेवर मिठाचं पाणी बसलेलं, वायपर चालू. लाट फुटली की आवाज आधी कानाला नाही, पायाला कळतो. जेट स्की माणसाला ओढत आणते, दोरी सुटते, आणि तो ठिपक्याएवढा माणूस त्या भिंतीवरून खाली येत असताना गाड्यांमधली माणसं अक्षरशः गप्प होतात. मार्च २०१२ च्या एका वादळाची आठवण तिथले लोक अजून काढतात, आणि २८ ऑक्टोबर २०२० ला एप्सिलॉन चक्रीवादळाच्या स्वेलमध्ये कॉनर मॅग्वायरने साधारण ६० फुटांची लाट घेतली, बुंडोरनचाच पोरगा, घरापासून हाकेच्या अंतरावर.

गारठा :

एक आयरिश धागा राहिला, वेटसूटचा, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या रबरी सूटचा. हिवाळ्यात त्या पाण्याचं तापमान ८ ते १० अंशांच्या आसपास असतं, नुसत्या चड्डीवर माणूस थोड्याच वेळात आखडतो. साठच्या दशकात ही मंडळी कशी उतरली असतील देव जाणे. जॅक ओ'नील, आडनाव बघा, याने १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला सर्फचं दुकान टाकलं आणि निओप्रीनचे सूट सर्फरसाठी बनवून विकायला सुरुवात केली. पुढे १९७१ मध्ये सर्फ करतानाच त्याचा डावा डोळा गेला, तरी धंदा आणि समुद्र दोन्ही सोडलं नाही. सूटचा शोध एकट्याने लावला असं म्हणणार नाही, त्यावर वाद आहेत, पण सर्फरपर्यंत पोचवला त्याने. थंड पाण्यात सर्फिंग होऊ शकतं ते या रबरामुळे, नाहीतर हा खेळ गरम देशांपुरताच राहिला असता. माझ्या मते आयर्लंडच्या सर्फिंगवर फ्रीथपेक्षा ओ'नीलचे उपकार जास्त.

लाटवेडी :

वा, मनापासून आभार सगळ्यांचे. फ्रीथचा व्हेनिसचा प्रसंग वाचून एकदम वेगळाच माणूस समोर आला. जुनी वही, तुमचा राग पण समजला, रोगराईची बाजू डॉक्युमेंटरीत ओझरतीसुद्धा जाणवली नव्हती मला.

एक विचारायचं राहिलं. मग आयरिश लोकांना हा दावा करावासा का वाटतो? त्यांच्याकडे स्वतःचं एवढं असताना हवाईत जन्मलेल्या माणसाला आपला म्हणायची काय गरज? आणि अटलांटिककाठ, मला यायचंय तिकडे, पोहता चांगलं येतं पण बोर्डवर कधी उभी राहिले नाही. कधी येऊ आणि कुठे शिकू?

अटलांटिककाठ :

पहिल्याचं उत्तर दुष्काळात आहे. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली, पुढेही शंभर वर्षं जातच राहिली. आयर्लंडची लोकसंख्या अजूनसुद्धा दुष्काळाआधीच्या आकड्याला पोचलेली नाही. अशा देशात बाहेर गेलेला प्रत्येक जण आणि त्याची पोरंबाळं घरचीच धरतात, कोणी अमेरिकेचा अध्यक्ष झाला की त्याच्या पणजोबाचं गाव शोधून काढतात. फ्रीथला पण तसंच जवळ घेतलंय. त्यात हवाईचं हिसकावून घ्यायची भावना मला इथल्या माणसांत तरी दिसलेली नाही, पण जुनी वही म्हणतात ते बरोबर, बाहेरच्याला ते तसंच ऐकू येतं, आणि ज्यांचं राज्यच गेलं त्यांना तर नक्कीच लागत असणार. म्हणून 'मुळं' हा शब्द मी वापरणार नाही.

आता यायचं. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात बरं, उन्हाळाभर तापून पाणी १५ अंशांच्या आसपास असतं आणि स्वेल सुरू झालेले असतात. नवशिक्यांनी रॉसनॉला. लांबच लांब सपाट वाळू, लाट लांब फुटते आणि मऊ होऊन येते, पडलात तर खाली खडक नाही. स्ट्रँडहिलला शाळा चांगल्या आहेत पण तिथे पाण्याला ओढ जबरदस्त असते, ओहोटीला आत खेचतं, त्यामुळे चांगलं पोहता येत असलं तरी एकटीने अजिबात उतरू नका, शिकवणाऱ्याबरोबरच जा. बुंडोरनला आलात तर टलन स्ट्रँडवर शिका, पीकवर फक्त बघायला थांबा, तिथे रांगेचे नियम कडक आहेत आणि खडक त्याहून.

सूट भाड्याने मिळतो, ५/४ चा मागा, म्हणजे छातीपाठीला ५ मिलिमीटर आणि हातापायाला ४. बूट घ्याच, हातमोजे ऑक्टोबरपर्यंत नसले तरी चालतं. सोबत एक मोठी बादली ठेवा, ओला सूट त्यात उभं राहून काढायचा, पार्किंगच्या खडीवर काढला तर आत वाळू आणि बारीक खडे जातात, दुसऱ्या दिवशी मानेला सोलतं. लाट किती मोठी एवढंच बघून ठरवू नका, भरती-ओहोटीची वेळ आणि वारा पण बघा, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा हलका वारा असेल तो दिवस पकडा. तारीख ठरली की इथेच टाका, त्या आठवड्याचा अंदाज मी आदल्या दोन दिवसांत बघून सांगतो, त्याच्या आधीचा फारसा खरा धरायचा नाही.